साहेबरावांची अट

गोमूत्र आणायला माझी सासूच गेली होती, हे आधीच सांगून टाकते. शेवटी धक्का द्यायला बाईनं राखून ठेवलं, असं पुढं कुणी म्हणायला नको. राखून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. तांब्या आमच्या घरचा, म्हातारी आमच्या घरची, आणि अपमान झाला तोही आमच्याच घरचा.

बाहत्तरच्या दुष्काळाचा तो हिवाळा. मराठवाड्यातून माणसं ट्रकनं, रेल्वेनं, काही तर चक्क चालत पिंपरी-चिंचवडला येऊन पडत होती. कंपन्या वाढत होत्या, नगरपालिका नवी कोरी होती, आणि जिकडंतिकडं चर खणायची कामं निघाली होती. खणणाऱ्यांनी राहायचं कुठं, हे मात्र कुणाच्याच नकाशात नव्हतं. आमच्या वस्तीसमोर, रेल्वे रुळांच्या पलीकडं, सांडपाण्यासाठी आणलेले सिमेंटचे मोठे पाइप ओळीनं पडले होते. माणूस वाकून आत जाईल एवढे. त्यात माणसं राहायला लागली. या तोंडाला गोणपाट, त्या तोंडाला गोणपाट, आणि मधे संसार.

त्या पौषात थंडीनं कहर केला. पवनेच्या काठचा भाजीपाला रातोरात करपला. सकाळी बादलीत हात घालायची छाती होईना. आमची घरं पत्र्याची, पण निदान भिंती होत्या, चूल होती. सिमेंटच्या पाइपात झोपायचं म्हणजे भरल्या माठात झोपल्यासारखंच. एका सकाळी तिथला एक म्हातारा उठलाच नाही. ठेकेदारानं गाजावाजा न करता त्याला हातगाडीवरून हलवलं, पण आमचे फर्स्ट शिफ्टवाले त्याच वाटेनं जायचे. माझ्या नवऱ्यानं, भिवानं, ते पाहिलं. संध्याकाळी घरी आला तो न जेवताच बसून राहिला.

त्याच आठवड्यात विहारात बैठक झाली. आमचा विहार म्हणजे काही मोठी इमारत नव्हती. विटांच्या भिंती, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि एक भक्कम सागवानी दार. ते सगळं वस्तीनं ओव्हरटाइम करून उभं केलेलं. दिवसा मी तिथं बालवाडी चालवायची. कमिटीचे अध्यक्ष कोंडीरामभाऊ. कंपनीच्या प्रेसशॉपमधे मशीनखाली त्यांचं एक बोट गेलं होतं, पण बोट रोखून बोलायची सवय काही गेली नव्हती.

"रात्रीचा विहार मोकळाच असतो," कोंडीरामभाऊ म्हणाले. "उद्यापासून दिवेलागणीला दार उघडायचं. जो येईल त्याला आत घ्यायचं. आणि एक ध्यानात ठेवा, दारात आलेल्याला जात विचारायची न्हाई. आपल्याला लई विचारली लोकांनी. आपण न्हाई विचारायची."

सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. मला त्या दिवशी आमच्या वस्तीचा फार अभिमान वाटला होता. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि आत्याबाई पाइपापाइपाशी जाऊन सांगत फिरलो. आत्याबाई म्हणजे माझी सासू, भिमाबाई. वडारांची घरं लगेच उठली. एक पिंजारी म्हातारा-म्हातारी होती, ती दुवा देत आली. चार पोरींना घेऊन एक मातंग बाई आली. कुणी काही विचारलं नाही. छप्पर आहे आणि दार लागतं, एवढं त्यांना पुरेसं होतं. संध्याकाळी विहारात पाय ठेवायला जागा उरली नाही. कंपनीच्या भट्टीतून टाकून दिलेला अर्धा जळका कोळसा पोरांनी वेचून आणला होता, त्याच्या दोन शेगड्या मधे ठेवल्या. दाराची फट उघडी ठेवायची, कोळशाचा धूर कोंडायला नको, हे आत्याबाई प्रत्येकाला बजावत होत्या.

ओळीच्या शेवटच्या पाइपांत मात्र बीडकडच्या एकाच गावची माणसं होती. पाटलाच्या भावकीतली. त्यांचे म्होरके साहेबराव. साठीच्या पुढचे, धोतर मुरुमानं लाल झालेलं, पायात टायरच्या चपला, पण फेटा असा चापून बांधलेला की जणू आता लग्नाला निघालेत. आम्हाला बघून ते पाइपातून वाकून बाहेर आले आणि त्यांनी हात जोडले.

"बसा म्हणायला जागा न्हाई, राग मानू नका बाई," ते म्हणाले.

माणूस वागायला मऊ होता. मी त्यांना विहाराचं सांगितलं. ते मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, "वस्ती कुणाची म्हणायची ही?"

"बौद्धांची," मी म्हणाले.

"म्हंजी नवबौद्ध."

"नवं-जुनं आम्ही मोजत नाही."

"बरं बरं," ते म्हणाले. थोडा वेळ रुळांकडं बघत राहिले. "आमी हितंच बरे हाव, बाई. चार दिसाची थंडी. निघून जाईल."

त्यांच्यामागं गोणपाट बाजूला करून एक पोरगी बघत होती. त्यांची सून, कस्तुरा. विशीची असेल नसेल. मांडीवर दीड-दोन महिन्यांचं पोर, धडुत्यात गुंडाळलेलं. पोर खोकलं. त्या एवढ्याशा छातीतून तसला आवाज यावा, हे मला सहन होईना. आत्याबाईंनी माझा दंड दाबला. बाळाचे निळसर पडलेले ओठ त्यांनीही पाहिले होते.

मी घरी जाऊन आमची घोंगडी घेऊन आले. म्हटलं, घेणार नाहीत. पण साहेबरावांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. मला नवल वाटलं तेव्हा आत्याबाईच म्हणाल्या, "लोकरीला विटाळ नसतो, पोरी. तुला ठाव न्हाई का? घोंगडी चालती. छप्पर चालत न्हाई."

आत्याबाईंना हे सगळे कायदे पाठ होते. लहानपणी गावात तहान लागली म्हणून त्या विहिरीवर वाकल्या होत्या, आणि मग ती विहीर गावानं गोमूत्र ओतून शुद्ध करून घेतली होती. ही गोष्ट त्या सांगायच्या ती हसत हसत. मला कधी हसू आलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी साहेबरावांचा मुलगा जयसिंग विहारात आला. आत नाही आला, पायरीच्या खाली उभा राहिला. चर खणून खणून हात फुटलेले, मान खाली. मी मुलांना गाणी शिकवत होते, ती थांबवून बाहेर आले.

"बाई, पोरगं प्यायना झालंय," तो म्हणाला. "बा तयार झालाय. कस्तुरा आन् पोरगं तुमच्याकडं पाठवतो म्हणला. पर..."

"पण काय?"

शेवटी जमिनीकडं बघत त्यानं सांगितलं. एक कोपरा त्यांना वेगळा हवा होता. मधे पडदा. आणि त्या कोपऱ्यावर आधी गोमूत्र शिंपायचं.

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला?" तो म्हणाला. जणू हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "मला काय वाटायचं बाई. बा हाय तो."

फर्स्ट शिफ्ट सुटून माणसं आली तशी बैठक बसली. मी जयसिंगचा निरोप सांगितला. मग कोंडीरामभाऊ उठले. एवढं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"हा विहार काय कुणाच्या बापानं दान दिलाय? डबल ड्यूटी करून बांधलाय आपण. आन् आता त्यात येऊन ही माणसं गोमूत्र शिंपणार? आपल्याच डोळ्यांदेखत आपल्याला बाटगं ठरवणार? आपण पाणी प्यालो तर तळं धुऊन काढलं यांनी. आता आपलं घर धुऊन काढणार. न्हाई. यायचं तर सगळे येतात तसं या. दार उघडंच हाय."

"लेकरू मरंल, कोंडीराम," आत्याबाई म्हणाल्या.

"मग त्याच्या आज्याला सांगा ना, आत्या. आपल्याला काय सांगता?"

मी कोंडीरामभाऊंच्या बाजूनं होते. आजही आहे. कुणी मला समजूतदारपणाचे धडे देऊ नयेत. गारठ्यानं मरणाऱ्याला आत घेणं ही माणुसकी, पण त्यानं आत येताना आपल्या तोंडावर थुंकायचं आणि आपण तोंड पुढं करायचं, ही कसली माणुसकी? सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं. भिवानंही नाही म्हटलं.

आत्याबाई उठल्या, घरी गेल्या, फडताळातला तांब्याचा तांब्या घेतला आणि बबनराव गवळ्याच्या गोठ्याकडं निघाल्या. मी मागून धावले.

"आत्याबाई, कुठं निघालात?"

"तुला दिसतंय की."

"अहो, सगळ्यांनी नाही म्हटलंय. तुमच्या विहिरीचं विसरलात का?"

त्या थांबल्या. "कशी इसरंन? त्या विहिरीचं पाणी त्यांनी शुद्ध करून घेतलं, पर माझी तहान भागली हुती ना? शिंपडू दे त्यांना. फरशी म्या पुसून काढंन सकाळी. लेकराचं काय, सकाळी पुसून निघतंय का ते?"

मी त्यांच्यामागं गोठ्यापर्यंत गेले. बबनरावांनी विचारलं, कशाला पाहिजे? आत्याबाई म्हणाल्या, औषधाला. मग भरला तांब्या पदराखाली धरून, गुडघे दुखत असताना, ती म्हातारी रूळ ओलांडून पाइपांकडं गेली. मी बरोबर होते. सूर्य कंपनीच्या चिमणीमागं उतरत होता, आणि वारं सुटायला लागलं होतं.

साहेबराव पाइपाच्या तोंडाशी बसले होते. आत्याबाईंनी तांब्या त्यांच्यापुढं जमिनीवर ठेवला. हातात दिला नाही, हेही त्यांना पाठ होतं.

"घ्या, पाटील. आणलंय. चला, शिंपडा तुमच्या हातानं आन् सुनंला आत घ्या. लोकांची समजूत मी घालते."

साहेबरावांनी तांब्यात बघितलं. "कुणी आणलं?"

"म्या."

मग त्यांनी हात जोडले. "आजी, तुमी एवढं केलं, उपकार झाले. पर तुमच्या हातचं कसं चालंल?"

मला आधी कळलंच नाही. आत्याबाईंनाही नाही. त्या म्हणाल्या, "गाईचं हाय, बाबा. बबन गवळ्याच्या गाईचं."

"गाईचं हाय, खरं हाय. पर तांब्या तुमचा. हात तुमचा. बाटलं ना ते. शुद्ध करायला बाटल्यालं कसं वापरायचं?" हे ते अगदी समजावून सांगत होते, लहान मुलाला सांगावं तसं. "उद्या सकाळी म्या सोता जाऊन आणतो. आता दिवस बुडला. दिवस बुडल्यावर आणत न्हाईत."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उलट शिवी देता येते. हात जोडून बोलणाऱ्या माणसाला काय देणार? माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की तो तांब्या उचलून त्यांच्या फेट्यावर ओतावा असं वाटलं. का ओतला नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं. आत्याबाई मात्र नुसत्या उभ्या होत्या. सत्तरीच्या त्या बाईला जातीचे सगळे कायदे पाठ होते, पण हा नवीन निघाला.

तेवढ्यात गोणपाट सरकलं आणि कस्तुरा बाहेर आली. पोर घोंगडीत गुंडाळून छातीशी धरलेलं. ती सासऱ्यासमोरून, नवऱ्यासमोरून चालू लागली.

"कुठं निघाली?" साहेबराव म्हणाले.

ती थांबली नाही.

"गेलीस तर तिकडलीच झालीस! परत येऊ नको!"

जयसिंग दोन पावलं पुढं आला आणि बापाकडं बघून तिथंच थबकला. आत्याबाईंनी तांब्यातलं खडीत ओतून दिलं आणि कस्तुराच्या पाठीवर हात ठेवून तिला रुळांपलीकडं आणलं.

विहारात तिला शेगडीजवळ बसवलं. त्या मातंग बाईनं आपली जागा सोडून दिली. आत्याबाईंनी तेल कोमट केलं, बाळाची छाती शेकली, पण पोर डोळे उघडेना. भिवा सायकलवरून डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, सुई दिली. न्यूमोनिया झालाय म्हणाले, आत्ताच्या आत्ता पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, दोन दिवस आधी उबेत आलं असतं तर गोष्ट वेगळी होती. कोंडीरामभाऊंनी कंपनीच्या एका ड्रायव्हरच्या हातापाया पडून टेम्पो मिळवला. टेम्पो दापोडीच्याही पुढं गेला नाही. हॅरिस पुलाच्या अलीकडंच कस्तुरा म्हणाली, "बाई, गाडी थांबवा. हे गार पडलंय."

सकाळी बाळाला पवनेच्या काठी पुरलं. जयसिंग आला होता. दिवस दिवस चर खणणारा माणूस तो, पण त्याला हातभर खड्डा खणता येईना. कोंडीरामभाऊंनी त्याच्या हातातली कुदळ काढून घेतली आणि स्वतः खणलं. साहेबराव लांब, रुळांच्या भरावावर उभे होते. फेटा काढून हातात घेतलेला. रडत होते, ते एवढ्या लांबूनही दिसत होतं. नातू त्यांचाच होता. मला त्यांची दया आली नाही.

कस्तुरा विहारातच राहिली. जाणार कुठं? दुधानं छाती भरून यायची, तेव्हा आत्याबाई तिला फडक्यानं घट्ट बांधायच्या आणि तिच्याबरोबर रडायच्या. ती दिवसभर भिंतीला टेकून असायची. माझी बालवाडीची पोरं तिच्या आसपास खेळायची, एखादं तिच्या मांडीत जाऊन बसायचं, ती त्याला ढकलायची नाही आणि जवळही घ्यायची नाही. जयसिंग रोज कामावरून येऊन पायरीशी उभा राहायचा. आत ये म्हटलं तर म्हणायचा, बा एकटा हाय तिकडं. आणि निघून जायचा.

थंडी मात्र काही साहेबरावांचं ऐकून चार दिवसांत गेली नाही. उलट वाढली. संक्रांतीच्या आसपास असं बोचरं वारं सुटलं की पत्रे रात्रभर खडखडायचे. त्या भावकीतली बाकीची घरं एकेक करून, माना खाली घालून, विहारात आली. त्यांनी कोपरा मागितला नाही, पडदा मागितला नाही. आम्हीही काही विचारलं नाही, तसं ठरलंच होतं.

आणि एका संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळेला, साहेबराव एकटेच आले.

अंगावर आमचीच घोंगडी होती. ओठ काळेनिळे झालेले, दात वाजत होते. एवढा ताठ माणूस, पण पायरी चढताना त्यांना चौकटीचा आधार घ्यावा लागला. दारात मी आणि कोंडीरामभाऊ होतो.

"जागा हाय का, भाऊ?" ते म्हणाले.

कोंडीरामभाऊ त्यांच्याकडं बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "शिंपायचं ऱ्हायलं की, पाटील. आणलं न्हाई का तुमच्या हातानं?"

साहेबरावांनी हात झटकला, माशी हाकलावी तसा. "ऱ्हाऊ द्या आता ते. लई गारठा हाय."

एवढंच. ज्याच्यासाठी पोर दोन दिवस पाइपात राहिलं, ज्याच्यासाठी माझी सासू पदराखाली तांब्या लपवून गेली, ते एवढ्यात संपलं. नातवासाठी जे त्यांना सोडता आलं नाही, ते स्वतःच्या वाजत्या दातांखातर सोडता आलं. मला त्यांना पायरीवरून खाली ढकलून द्यायचं होतं. हे मी स्पष्ट सांगते. कोंडीरामभाऊंच्या मुठी वळलेल्या मी पाहिल्या. पण दारात आलेल्याला विचारायचं नाही हा नियम त्यांनीच केलेला, आणि त्यांनीच तो सगळ्यांकडून कबूल करून घेतलेला. ते बाजूला झाले.

साहेबराव आत गेले. शेगडीजवळच्या माणसांनी सरकून त्यांना जागा दिली. ते बसले आणि त्यांनी दोन्ही हात निखाऱ्यांवर धरले. पिंजारी म्हाताऱ्यानं आपल्या कपातला चहा पुढं केला, तो त्यांनी घेतला आणि पिऊन टाकला.

कस्तुरा भिंतीपासून उठली. त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच बोलली.

"मामंजी, तवा काय झालं हुतं?"

त्यांनी वर बघितलं नाही. हात फिरवून दुसरी बाजू शेकायला घेतली.

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग कोपऱ्यातलं आपलं गाठोडं उचललं आणि दाराकडं आली. मी तिचा हात धरला. "कस्तुरा, वेडी का तू? बाहेर मरशील."

"तिकडं लेकराचा बा हाय," ती म्हणाली. "हितं मला ऊब नगं." हात सोडवून ती पायऱ्या उतरली आणि रुळांकडं चालायला लागली. आत्याबाई होत्या त्याच लुगड्यावर, अनवाणी तिच्यामागं गेल्या.

मी दार धरून उभी होते. अंधारात दोघी दिसेनाशा होईपर्यंत बघत होते, आणि वारं माझ्या अंगावरून आत जात होतं.

"दार लावा की बाई," मागून साहेबराव म्हणाले. "गारठा आत येतोय."